आकाशातले दिवे आणि आपली मंडळे



२ एप्रिल २०२२ ची रात्र तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. गुढीपाडव्याचा दिवस होता. संध्याकाळी गुढ्या उतरल्या होत्या, आणि माणसे ओट्यावर, अंगणात टेकली होती. पावणेआठच्या सुमारास सातपुड्याच्या बाजूला आकाशात दिव्यांची एक रांगच रांग सरकताना दिसू लागली. पुढे दोन-चार मोठे गोळे, मागे ठिणग्यांच्या लांब शेपट्या, आणि सगळे कसे सावकाश, बेताने चाललेले. आवाज नाही, गडगडाट नाही. पोरे ओरडत होती, "आभायमा काय शे रे ते?" कोणी हात जोडले, कोणी मोबाइल काढला. विमानाला आग लागली असे कोणी म्हणाले, तर कोणी थेट परग्रहावरच्या उडत्या तबकड्यांपर्यंत पोचले.

ते काय होते हे आज आपल्याला माहीत आहे. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका अग्निबाणाचा रिकामा टप्पा पृथ्वीभोवती फिरत राहिला होता. तो त्या रात्री वातावरणात शिरला आणि जळत, तुटत वायव्येकडून आग्नेयेकडे गेला. झाबुआ-बडवानीकडच्या लोकांनी तो पाहिला, जळगाव, बुलढाणा, अकोल्याच्या लोकांनीही पाहिला. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात त्याची सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी येऊन पडली. आसपासच्या शिवारात धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. नंतर इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन ते तुकडे तपासून गेले.

आता तुम्ही म्हणाल, प्रश्न सुटला, मग आज हे भाषण कशासाठी? प्रश्न सुटला खरा, पण तो आपण सोडवला नाही. आपण पाहणारे लाखो होतो, आणि आपल्यापाशी धड एक नोंद नव्हती. त्याच उणिवेविषयी मला आज बोलायचे आहे.

प्रथम माझीच कथा सांगतो. आमच्याकडे आकाश पाहण्याची हौस असलेल्या शिक्षकांची आणि तरुणांची पाच-सात लहान मंडळे आहेत. काही जळगावकडची, काही धुळ्याकडची. पुढे आम्ही एकत्र आलो आणि संघ केला. संघ केला म्हणजे काय केले? एक भारदस्त नाव घेतले आणि मोबाइलवर एक गट उघडला. वही कोणाकडे, नोंद कोणी करायची, कोणते प्रश्न विचारायचे, चुकले तर दुरुस्ती कोणी करायची, यातले काहीच ठरवले नाही. मोळी बांधली, पण दोरीला गाठ मारायची राहिली.

त्या रात्री गटावर पहिला निरोप आला : विमान पेटले आहे. झाले! त्यानंतरच्या दहा जणांनाही विमानच दिसले. एकाने पंख पाहिले, दुसऱ्याने खिडक्यासुद्धा पाहिल्या. ही माणसे खोटे बोलणारी नव्हती हो, चांगली जाणती माणसे होती. पण अंधारात डोळ्यांना थोडे दिसते आणि उरलेले मन भरून काढते. आधी कानावर "विमान" पडले की मन विमानच भरते.

आणि मी काय केले? मी विज्ञानाचा मास्तर. मी ठासून लिहिले, हा उल्कावर्षाव आहे, घाबरू नका. शेजारच्या मुलांनाही तेच सांगितले. थोडा थांबून विचार केला असता तर मला कळायला हवे होते. उल्का सेकंदाला अकरा किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येते आणि बहुधा दोन-चार सेकंदांत विझते. हे दिवे तर सगळ्या घराला बाहेर बोलावून दाखवावेत इतका वेळ दिसत होते. इतक्या सावकाश आडवे जाते ते बहुतेक माणसानेच वर पाठवलेले असते. सोमवारी शाळेत मी मुलांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "बाळांनो, शनिवारी मी न मोजता बोललो. माझे चुकले." सोपे नव्हते, पण बरे वाटले.

पुढच्या आठवड्यात एका केळीच्या मळ्यात गेलो होतो. मळ्यातले आप्पा त्या रात्री पाणी भरायला बाहेर होते. ते म्हणाले, "दिवे त्या निंबाच्या शेंड्यावरून निघाले नि देवळाच्या कळसापाशी गेले. मी मोटर चालू करूनच वर पाहिलं." मी तिथे उभा राहून पाहिले. निंबही जागेवर होता, कळसही जागेवर होता, आणि मोटर लावल्याची वेळ आप्पांना पक्की ठाऊक होती. सगळ्या गटात मिळाली नाही अशी नोंद या एका माणसापाशी होती. मी विचारले, "आप्पा, कोणाला सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "गुरुजी, मले कोनी इचारलंच नाही ना." आप्पा आमचे सभासद नव्हते!

श्रोतेहो, हा दोष केवळ आपल्या खानदेशचा आहे असे समजू नका. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड नावाच्या खाजगी वैमानिकाने डोंगरावरून वेगाने जाणाऱ्या नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते तशा त्या चालल्या होत्या, असे त्याने सांगितले. त्याने चाल सांगितली होती. वर्तमानपत्रांनी त्याचा आकार केला आणि "उडती बशी" हा शब्द जन्मला. आपल्याकडे तिची तबकडी झाली. त्यानंतर हजारो लोकांना बशीच दिसू लागली. आमच्या गटातल्या विमानाची गोष्ट याहून वेगळी आहे का?

मग देशोदेशी या अनोळखी वस्तूंचा शोध घेणारी मंडळे निघाली. जितकी गावे तितकी मंडळे. कोणी आधीच ठरवलेले की पाहुणे परग्रहावरचे आहेत, कोणी ठरवलेले की सगळा भ्रम आहे. ब्रिटनमध्ये निरनिराळ्या ठिकाणची मंडळे १९६२ मध्ये एकत्र आली, आणि १९६४ पासून तो संघ "बुफोरा" या नावाने ओळखला जाऊ लागला. एकत्र येण्याने सगळे जमले असे नाही. पुढे या संघाला आपल्याच चौकशी करणाऱ्यांसाठी आचारसंहिता लिहावी लागली. साक्षीदाराला संमोहनाखाली घालून "आठवणी" काढण्याची एक पद्धत तेव्हा बोकाळली होती. विचारणाऱ्याच्या मनातले साक्षीदाराच्या तोंडून बाहेर पडते, हे लक्षात आल्यावर त्या संघाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती पद्धत आपल्या सभासदांना बंद केली. संघाचे बळ कशात असते ते इथे दिसते. आपल्याच माणसाला "हे करू नको" असे त्याने सांगितले आणि ते पाळून घेतले.

अमेरिकेच्या हवाई दलाने १९६९ पर्यंत अशा १२,६१८ नोंदी तपासल्या. त्यांपैकी ७०१ चा उलगडा झाला नाही. श्रद्धाळू मंडळी ७०१ चा आकडा धरून बसतात, हसणारी मंडळी उरलेल्या बारा हजारांचा. पण उलगडा झाला नाही याचा अर्थ परग्रहावरचे पाहुणे सापडले असा होत नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच, की नोंद अपुरी होती. २०२३ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने नेमलेल्या अभ्यासगटानेही हेच सांगितले. परग्रहाचा पुरावा मिळाला नाही, आणि मुख्य अडचण चांगल्या, मोजलेल्या माहितीच्या अभावाची आहे.

फ्रान्सने या बाबतीत एक शहाणपणाची रीत घातली. तिथल्या अंतराळ संस्थेने १९७७ मध्ये यासाठी एक लहान कार्यालय उघडले. आज ते "गेइपान" म्हणून ओळखले जाते. प्रत्येक घटना ते चार खणांपैकी एकात टाकतात. पहिला खण, उलगडा झाला. दुसरा, बहुधा झाला. तिसरा, माहिती अपुरी. आणि चौथा, माहिती पुरेशी असूनही उलगडा नाही. तिसरा आणि चौथा खण वेगळे ठेवले, यातच सारे मर्म आहे. "मला कळत नाही" आणि "मला सांगितलेच नाही" या दोन गोष्टी एक नव्हेत, हे प्रत्येक शिक्षकाला परीक्षेच्या पेपरांवरून ठाऊक असते!

बरे, आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे वळू. मंडळे एकत्र कशाला हवीत? मोठे नाव, मोठा फलक, मोठा सत्कार, यासाठी असतील तर नकोत. पण एक गोष्ट अशी आहे की ती एकट्या मंडळाला कधीच जमणार नाही. एका गावाचा डोळा दिशा सांगतो, अंतर सांगत नाही. अंतर कळायला दोन गावे लागतात.

शिक्षक मित्रांनो, ही आकृती उद्या फळ्यावर काढा. जळगाव आणि धुळे यांच्यात सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर अंतर आहे. समजा, एकाच मिनिटाला जळगावच्या माणसाला धुळ्याच्या दिशेला एक दिवा ४५ अंश उंचीवर दिसला, आणि धुळ्याच्या माणसाला जळगावच्या दिशेला तोच दिवा ४५ अंशांवर दिसला. मग तो दिवा दोहोंच्या मध्यावर, म्हणजे पारोळा-एरंडोलच्या दरम्यान आहे आणि जमिनीपासून ४० किलोमीटर उंच आहे. इतक्या उंचीवर विमानही नसते आणि पतंगही नसतो. आता समजा, जळगावला दिवा ४५ अंशांवर दिसला आणि धुळ्याला आकाश स्वच्छ असून काहीच दिसले नाही. तर तो दिवा जवळचाच. कुठल्या लग्नातला कागदी आकाशकंदील असेल, नाही तर ड्रोन. म्हणून धुळ्याच्या माणसाने "दिसले नाही" असे लिहिणे हेही जळगावच्या "दिसले" इतकेच मोलाचे. पण आजपर्यंत न दिसल्याची नोंद आपल्यापैकी कोणी केली आहे का?

यासाठी आपला सैल संघ नीट बांधायचा तर चार-पाच गोष्टी पुरेत.

पहिली गोष्ट, माप एक असावे. दूध सोसायटीत प्रत्येकाच्या दुधाचे फॅट एकाच रीतीने काढतात. ज्याचा त्याचा काटा चालू दिला तर सोसायटी चार दिवस टिकणार नाही. तसेच नोंदीचे. दोन्ही जिल्ह्यांत एकच कागद, एकच प्रश्न. उंची मोजायला यंत्र नको. हात सरळ पुढे ताणा. बंद मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते, ताणलेली वीत सुमारे २० अंश आणि करंगळी सुमारे १ अंश. "खूप उंच होते" असे लिहू नका. "क्षितिजापासून तीन मुठी वर" असे लिहा. दिशा झाडावरून, कळसावरून, विजेच्या खांबावरून सांगा, आणि सकाळी त्याच जागी उभे राहून होकायंत्राने ताडून घ्या. वेळ मोबाइलच्या घड्याळाची घ्या. तिथे मिनिट चुकत नाही.

दुसरी गोष्ट, आधी लिहा, मग बोला. प्रत्येकाने आपला कागद स्वतंत्रपणे भरल्याशिवाय गटावर एक अक्षर टाकायचे नाही. विचारणाऱ्यानेही "आग दिसली का?" असे विचारू नये. "काय पाहिले ते सांगा" एवढेच म्हणावे आणि साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत. अहिराणीत सांगितले तर अहिराणीत. त्याची चाल आपण बशी करून टाकू नये.

तिसरी गोष्ट, साक्षीदाराला सभासद होण्याची अट नको. रात्री आकाशाखाली कोण असतो? पाणी भरणारा शेतकरी, मेंढपाळ, रेल्वेचा कर्मचारी, पहारेकरी. आपली पुस्तकी मंडळी तर तेव्हा घरात असतात. संघाने आप्पांकडे जावे, आप्पांनी संघाकडे येण्याची वाट पाहू नये. आणि आपल्या भगिनींना विसरू नका. उन्हाळ्यात अंगणात, गच्चीवर बाळाला जोजवत बसलेल्या बाईइतका वेळ आकाश कोणी पाहिलेले नसते.

चौथी गोष्ट, आधी ओळखीचे तपासा, मग अनोळखी म्हणा. संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला एकाच जागी झगझगणारा दिवा बहुधा शुक्र असतो. न लुकलुकता पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडणारा एकटा दिवा अंतराळ स्थानक असू शकतो. एका ओळीत आगगाडीच्या डब्यांसारखे चाललेले दिवे, २०१९ पासून सोडल्या जात असलेल्या स्टारलिंक उपग्रहांचे असतात. विमाने, ड्रोन, कंदील, हवामानाचे फुगे, हे सगळे एकेक करून वगळा. एवढे करूनही काही उरले, तर संकोच न करता चौथ्या खणात लिहा. त्याची लाज नाही, आणि त्याचा गवगवाही नको.

पाचवी गोष्ट, वहीला धनी असावा. प्रत्येक मंडळाने आपले नाव, आपली मते खुशाल ठेवावीत. कोणी परग्रहावर विश्वास ठेवो, कोणी न ठेवो. पण वही सगळ्यांची एक. जळगावला एक आणि धुळ्याला एक, असे दोन वहीधारक एका वर्षासाठी निवडा, आणि महिन्याला दोघांनी वह्या ताडून पाहाव्यात. चुकलेली नोंद खोडून टाकायची नाही. तिच्यावर एक रेघ मारून खाली दुरुस्ती, तारीख आणि सही. माझी उल्कावर्षावाची नोंदही तशीच वहीत राहू द्या. पुढच्या मास्तरला उपयोगी पडेल.

असे संघ टिकतात का? टिकतात. उल्का पाहणाऱ्या हौशी लोकांनी १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय उल्का संघटना स्थापन केली. ठिकठिकाणच्या सामान्य माणसांनी सारख्याच रीतीने केलेल्या नोंदींवर तिचे काम आजही चालते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. आणि आपल्याला तर इतके लांब जायलाही नको.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला तुम्ही गेला असाल. तिथे एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला. त्या मठाला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाची नोंद त्या शिळेवर आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला. त्यात दानाचा तपशील चक्क जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारातल्या मालावर राजाला मिळणारा भाग मठाला दिला, आणि जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल द्यायचे ठरले. पाहा, आकाशाचा आणि गणिताचा अभ्यास, पण त्याच्या दिव्याला तेल कोण देणार हे दगडावर कोरून ठेवले होते! आमच्या संघाने हे मोबाइलवरसुद्धा लिहून ठेवले नव्हते.

आणि आकाशातून पडलेली वस्तूही खानदेशला नवी नाही. २९ जून १८४३ रोजी एदलाबादजवळच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळच्या, माणेगावात एक अशनी पडला. कोणीतरी तो नुसता पाहून सोडून दिला नाही. त्याची हकीकत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली, आणि त्याचे लहानसे तुकडे जपले गेले. अशा जातीचे दगड वेस्टा नावाच्या लघुग्रहावरून येतात असे आज शास्त्रज्ञ मानतात. नोंद राहिली म्हणून जगाच्या अशनींच्या यादीत माणेगावचे नाव आहे.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. आपल्या शिवारात असा एखादा तुकडा पडलाच, तर त्याला हात लावू नका, मुलांना आणि गुरांना लांब ठेवा. अग्निबाणाच्या टाकीत उरलेले इंधन विषारी असू शकते. लांबूनच फोटो काढा, वेळ लिहा, पोलीस पाटील आणि तहसील कचेरीला कळवा. लाडबोरीला कोणाला लागले नाही, पण दर वेळी तसेच होईल असे नाही. कोणत्या दिशेने काय आले याची चार गावांची नोंद हाताशी असेल, तर तुकडे कुठे शोधायचे आणि कोणत्या शिवारात माणसे पाठवायची हे लवकर कळेल. मी वहीसाठी इतका आग्रह धरतो तो एवढ्यासाठी.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, येत्या अमावास्येला मुलांना शाळेच्या पटांगणात जमवा आणि मूठ धरून ध्रुवतारा मोजायला शिकवा. आपल्याकडे तो क्षितिजापासून दोन मुठींच्या थोडा वर भरेल, कारण आपले अक्षांश सुमारे २१ आहेत. जळगावच्या मुलाने मोजावे, धुळ्याच्या मुलाने मोजावे, आणि दोघांनी एकमेकांना पत्र लिहून ताडून पाहावे. दोघांची मूठ जुळली, की आपला संघ खरा बांधला गेला असे मी समजेन.

आणि शेतकरी बंधूंनो, रात्री मोटर लावायला बाहेर पडाल तेव्हा एकदा वर पाहा. काही वेगळे दिसले तर वेळ आणि निंबाचा शेंडा लक्षात ठेवा. विचारायला आम्ही येऊ.

नमस्कार.